सहाशे बत्तीस नंबरचा राखाडी

गोंदिया जिल्ह्यात युद्धनौका नाही. तशी ती भंडाऱ्यातही नाही आणि पलीकडे बालाघाटलाही नाही, पण तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. बाकी आमच्याकडे पाण्याला तोटा नाही. कोहळी मंडळींनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत, नवेगावबांध आहे, इटियाडोह आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी बिरसीला धावपट्टी बांधली, म्हणजे विमानांचीही सोय झाली. समुद्राची सोय मात्र कुणी पाहिली नाही. मुंबई नागपूरच्या पार पलीकडे, आणि नागपूरच इथून रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर. त्यातल्या त्यात जवळचा समुद्र विशाखापट्टणमचा, तोही सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या वर. आमचं आरमार म्हणजे ढिवरांचे डोंगे. डोंग्याला रंग नसतो, त्यामुळे डोंगेवाल्यांत आणि माझ्यात बोलायला विषयही नसतो.

अशा ठिकाणी राहून मी युद्धनौकांची मॉडेलं करतो. करणं सोपं आहे. कापायचं, घासायचं, चिकटवायचं. रंगवणंही जमतं. पण रंगवण्याआधी त्या जहाजाचा त्या वेळचा बरोबर रंग कोणता हे शोधून काढायचं असतं, आणि तिथं माणसाच्या केसांचा रंग बदलतो.

"राखाडी," असं बायको म्हणते. मेव्हणाही तेच म्हणतो. शेजारच्या तिसरीतल्या मुलीलाही विचारून झालं, ती म्हणाली "ग्रे", म्हणजे इंग्रजी माध्यमामुळे उत्तरात काही फरक पडला नाही. या तिघांना मी सांगून थकलो की राखाडी म्हणजे "कुठं राहता?" या प्रश्नाला "भारतात" असं उत्तर दिल्यासारखं आहे. जिल्हा सांगा, तालुका सांगा, गल्ली सांगा. जपानी नौदलाचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कुरे, सासेबो, मैझुरू आणि योकोसुका या चार गोद्या आपापला राखाडी स्वतंत्र कालवायच्या. टॅमिया कंपनी आज या चारही राखाड्यांच्या चार वेगळ्या बाटल्या विकते, आणि मॉडेलवाले चारही विकत घेतात. बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या की बायको विचारते, एकच रंग चारदा का आणला? मी म्हणतो, नीट बघ. ती नीट बघते आणि पुन्हा तेच विचारते.

तर जहाज निवडण्यापासून सुरुवात. लोक बिस्मार्क करतात, यामातो करतात. मी आयएनएस गोदावरी निवडली, आणि कारण पूर्णपणे भौगोलिक आहे. आमच्या सीमेवरून वाहणारी बाघ नदी वैनगंगेला मिळते. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते. प्राणहिता जाऊन गोदावरीत पडते. म्हणजे गोदावरीत गोंदियाचं पाणी आहे आणि त्या नावाच्या जहाजावर आमचा थोडा हक्क आहे. हा हक्क मुंबईच्या माझगाव डॉकनं मान्य केलेला नाही, पण नाकारलेलाही नाही.

गोदावरी म्हणजे आपल्याकडे आराखडा काढून आपल्याकडेच बांधलेली पहिली क्षेपणास्त्रवाली फ्रिगेट. १० डिसेंबर १९८३ ला नौदलात दाखल, २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त. लांबी १२६ मीटरांहून किंचित जास्त. साडेतीनशे पटींनी लहान केली की छत्तीस सेंटिमीटर होते, म्हणजे टीव्हीसमोर मावते. सांगाडा मी सनबोर्डाचा केला. निवडणूक आटोपली की गोंदियात चांगल्या प्रतीचा सनबोर्ड फुकट मिळतो. त्यामुळे माझ्या गोदावरीच्या डाव्या कुशीत, आतल्या बाजूनं, एक पडलेले उमेदवार हात जोडून उभे आहेत. त्यांचं जहाज शेवटी पाण्याला लागलं, याचं मला समाधान आहे.

मग रंग आणायला दुकानात गेलो.

"कोन्ता रंग पायजे जी?"

"जहाजाचा."

"हवेतल्या का पान्यातल्या?"

"पाण्यातल्या. युद्धाच्या."

दुकानदारानं क्षणभरही विचार न करता मागच्या फळीवरून एक डबा काढून समोर आपटला. "डीए ग्रे. घ्या."

मी हबकलो. ज्याच्यासाठी मी इंटरनेटवर रात्री जागवल्या, तो निर्णय या गृहस्थानं आपटबार उडवावा तसा दिला. मी त्यांना विचारलं, हा जहाजाचा रंग आहे हे तुम्हाला कसं माहीत? ते म्हणाले, "जहाजाचं मले काय मालूम? हा शटरले लागते, गिरिलले लागते, मोटरपंपाले लागते. लोखंड आहे न तुमचं जहाज?"

आता गंमत अशी की माणूस बोलला ते खरं होतं, फक्त त्याला ते खरं आहे हे ठाऊक नव्हतं. डीए म्हणजे डार्क ॲडमिरल्टी. ॲडमिरल्टी म्हणजे ब्रिटिश नौदलाचं मुख्यालय. रंगांच्या ब्रिटिश मानकात या राखाडीचा नंबर ६३२. इंग्रज गेले, पण आपल्या भारतीय मानकात, आयएस ५ मध्ये, तो त्याच नावानं आणि त्याच नंबरानं राहिला. त्याचा धाकटा भाऊ लाइट ॲडमिरल्टी ग्रे, नंबर ६९७, तोही आहे. ट्राफल्गारवाल्या आरमाराचं नाव लावणारा राखाडी गेली कित्येक वर्षं गोंदियातल्या शटरांवर, गिरण्यांच्या मोटारींवर आणि घरांच्या गजांवर बसलेला आहे, आणि आपण समुद्र नाही समुद्र नाही म्हणून रडतो.

एवढ्यावर भागत नाही. देशातल्या कितीतरी वीजमंडळांच्या टेंडरांत ट्रान्सफॉर्मरसाठी हाच ६३२ नंबर लिहिलेला असतो. हे वाचल्यावर मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. उभा, गंभीर, दोन्ही बाजूंना नळ्या, आत गुरगुर. एका सकाळी उन्हाचा कोन बरा होता म्हणून शेडकार्ड घेऊन तिथं गेलो, कुंपणाबाहेरून एक डोळा मिटून कार्ड हवेत धरलं आणि पाहू लागलो. पाच मिनिटांत मागं माणसं जमली. एकानं विचारलं, लाइन जाणार आहे का? दुसऱ्यानं त्याला सांगितलं, साहेब सर्वेवाले आहेत, मीटर बदलणार. तिसरा घरी पळाला, बहुतेक आकडा काढायला. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, की मी युद्धनौकेचा रंग तपासतोय. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात ट्रान्सफॉर्मरची गुरगुर फार स्पष्ट ऐकू आली.

ट्रान्सफॉर्मरचा निकाल असा लागला की तो ६३२ असेल तर असेल, पण वरची बाजू उन्हानं फिकट झाली आहे, खालची तेल झिरपून काळवंडली आहे आणि मधल्या भागावर एका कोचिंग क्लासची जाहिरात आहे. मूळ रंग म्हणावा असा हातभर तुकडाही सापडला नाही.

पाण्याखालच्या भागाचं मात्र गोंदियात काही अडत नाही. जहाजाच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग देतात, तो बहुतेकदा तांबडा असतो. मॉडेलला विषाची गरज नाही, आमच्या तलावात शिंपल्यांनी सनबोर्ड खाल्ल्याचं ऐकिवात नाही. रेड ऑक्साइडचा प्रायमर पुरतो. आणि रेड ऑक्साइड म्हणजे गेट-खिडक्या जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याच्या दुकानासमोरचा रस्तासुद्धा त्याच रंगाचा असतो. वर डीए ग्रे, खाली रेड ऑक्साइड. गोंदियातलं प्रत्येक अर्धवट रंगवलेलं फाटक म्हणजे बांधणीतली फ्रिगेट आहे.

हे दोन डबे एकत्र कालवले आणि पांढरा घातला, तर काय होतं ते सांगतो. माउंटबॅटन होतात. आपल्याला ते फाळणीसाठी माहीत, मॉडेलवाल्यांना रंगासाठी. १९४० मध्ये ताफ्यात चाललेलं एक जहाज संध्याकाळच्या उजेडात इतरांच्या आधी दिसेनासं झालं. त्या जहाजाच्या कंपनीचा रंग फिकट जांभळट होता. विनाशिकांच्या पाचव्या ताफ्याचे प्रमुख असलेल्या माउंटबॅटनसाहेबांनी ते पाहिलं आणि आपली जहाजं गुलाबी करून टाकली. मध्यम राखाडीत थोडा व्हेनिशियन रेड. व्हेनिशियन रेड म्हणजे लोखंडाचं तांबडं ऑक्साइड, आपल्या फाटकावरचंच. एचएमएस केनिया ही क्रूझर या रंगामुळे 'पिंक लेडी' म्हणून प्रसिद्ध झाली. पहाटे आणि संध्याकाळी जहाज खरोखर दिसत नसे म्हणतात. उरलेल्या दिवसभरात समुद्रात एक गुलाबी क्रूझर फिरत असल्याचं दिसत असणार. आमच्याकडे मंगल कार्यालयांना हाच रंग असतो, आणि ती लांबून चांगली दिसतात.

युद्धात रंग हे काम चित्रकारांकडे गेलं की असंच होतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकारानं जहाज लपवण्याचा नादच सोडून दिला. त्यानं जहाजांवर काळे-पांढरे-निळे तिरपे पट्टे ओढले, असे की पाणबुडीवाल्याला जहाज दिसावं, पण ते येतंय की जातंय हे कळू नये. दोन जहाजांना एकच नक्षी नाही. इतकंच काय, एकाच जहाजाच्या दोन बाजू मुद्दाम वेगळ्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धात पीटर स्कॉट आला. हा बदकांची चित्रं काढणारा. त्यानं पाहिलं की अटलांटिकच्या ढगाळ उजेडात गडद जहाज उठून दिसतं आणि पांढरं विरघळतं. मग त्यानं आपल्या एचएमएस ब्रोकला पांढरं करून त्यावर फिका निळा-हिरवा फिरवला. युद्ध संपल्यावर तो पुन्हा बदकांकडे गेला आणि १९४६ मध्ये स्लिमब्रिजला त्यांच्यासाठी अभयारण्य काढलं. नवेगावबांधच्या तलावावर हिवाळ्यात मी पाणपक्ष्यांकडे पाहत उभा असतो, तेव्हा बरोबरचे लोक पक्षी मोजत असतात. मी त्यांच्या पोटाचा पांढरा आणि पाठीचा करडा ताडून पाहत असतो.

आपल्या मुंबईतही रंगानं एकदा काम केलं आहे, आणि तो राखाडी नव्हता. कुलाब्याला एचएमआयएस तलवार नावाचं नौदलाचं सिग्नल शिकवण्याचं केंद्र होतं. नावापुढे जहाजाची बिरुदं, पण जमिनीवर. १ डिसेंबर १९४५ च्या नौदल दिनाच्या आदल्या रात्री बलाई चंद दत्त आणि त्यांच्या साथीदारांनी तिथल्या भिंतींवर 'चले जाव'च्या घोषणा रंगवल्या. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याच तलवारवरून नाविकांचा उठाव पेटला. मॉडेलवाल्याच्या दृष्टीनं दुःख एवढंच की तलवारचं मॉडेल करायचं तर ते बराकीचं करावं लागतं. लोणावळ्याची आयएनएस शिवाजीही तशीच, सह्याद्रीत नांगर टाकून १९४५ पासून उभी. घाटमाथ्यावर जहाज चालतं, मग गोंदियाला नौदल नको का म्हणतं, हा माझा जुना प्रश्न आहे.

गोदावरीवर येतो. संशोधनाचा पहिला नियम असा की जहाज करायचं नसतं, जहाजाची तारीख करायची असते. मी नोव्हेंबर १९८८ धरला. मालदीवमध्ये भाडोत्री लोकांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला, ते 'प्रोग्रेस लाइट' या मालवाहू जहाजावर ओलीस घेऊन पळाले, आणि त्यांना गाठणाऱ्यांत गोदावरी होती. ऑस्ट्रेलियाच्या सदिच्छा भेटीवरून घरी परतत असताना ती मध्येच तिकडे वळली. आता बघा अडचण. सदिच्छा भेटीला जाताना जहाज चकाचक रंगवून नेतात. म्हणजे रंग नवा. पण मध्ये सगळा हिंदी महासागर. म्हणजे गंज. नव्या रंगावर किती आठवड्यांचा गंज चढवायचा, या प्रश्नात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. गोंदियाच्या मे महिन्यात ब्रशवरच रंग वाळतो, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर मिळतो.

तारीख धरली नसती तर झेंडा कोणता लावला असता, हाही प्रश्न होता. आपल्या नौदलाच्या झेंड्यावर १९५० पासून कोपऱ्यात तिरंगा आणि मधोमध लाल क्रूस होता. २००१ मध्ये क्रूस गेला, निळं बोधचिन्ह आलं. निळं बोधचिन्ह आकाशाच्या निळ्यात दिसत नाही अशी तक्रार झाली आणि २००४ मध्ये क्रूस परत आला, मधे सिंह घेऊन. २०१४ मध्ये सिंहांखाली 'सत्यमेव जयते' आलं. २ सप्टेंबर २०२२ ला क्रूस कायमचा जाऊन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत गोदावरीनं चार झेंडे पाहिले. पाचवा आला तेव्हा ती निवृत्त होती. सरकारी नोकरीत इतक्या वेळा लेटरहेड बदललेलं पाहणारी माणसं मला माहीत आहेत, पण त्यांची मॉडेलं कुणी करत नाही. माझ्या मॉडेलवर तो झेंडा करंगळीच्या नखाएवढा आहे. 'सत्यमेव जयते' लिहावं लागलं नाही, याबद्दल मी १९८८ सालाचा ऋणी आहे.

मग फोटो. कुणालाही वाटेल की फोटो पाहिला की रंग कळतो. हे ज्याला वाटतं त्यानं आमच्या घरातला आजीच्या लग्नाचा फोटो पाहावा. त्यात आजीनं काळा शालू नेसला आहे. आजी सांगत असे की शालू लालभडक होता. एक आत्या आजवर म्हणते की आजीला आठवत नव्हतं, शालू जांभळाच असणार. दुसरी म्हणते, लग्नात काळं कोण नेसेल, फोटोवाल्यानं बिघडवलं. खरं कारण असं की पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे, आणि निळा फिकट उमटे. जुन्या युद्धनौकांचे फोटो याच कारणानं दगा देतात. ज्याला जग गडद राखाडी समजतं तो कदाचित तांबूस असतो, ज्याला फिकट समजतं तो निळा असतो. पर्ल हार्बरला बुडालेली ॲरिझोना त्या सकाळी गडद राखाडी होती की निळी, यावर अमेरिकेत मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं भांडली आहेत. आमच्या आत्यांना हे सांगितलं तेव्हा दोघींनी पहिल्यांदा एकमत केलं, की पोरगं वाया गेलं.

१९८८ चे फोटो रंगीत आहेत, पण त्यानं घोळ उलट वाढतो. तेव्हाच्या रंगीत प्रिंटांतला निळा आधी उडतो. माझ्या चुलतभावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. गोदावरीचे त्या काळातले फोटोही तसेच, एकात ती पिवळसर, एकात लालसर. आणि फोटो काढणारे धक्क्यावर उभे राहून बाजूनं काढतात. डेक कुणी काढत नाही. जहाजाची मान, कंबर, पाय सगळं दिसतं, डोकं नाही. गोदावरीवर तोफ आणि क्षेपणास्त्रं रशियन, सांगाडा ब्रिटिश वळणाचा, यंत्रणा काही आपल्या. रशियन तोफ रशियन राखाडीतच आली आणि तशीच बसवली, की इथं पुन्हा रंगवली? या प्रश्नावर मी जितका विचार केला तितका नोकरीत बढतीवर केला असता तर आज पेन्शन वेगळी असती.

मग कुणीतरी म्हणालं, रंगाचं कळायचं तर पेंटरला विचारा. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे एक जुने पेंटर अर्जुनी मोरगावकडे भेटले. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू व्हायचा होता आणि ते राजवाडा संपवून जंगल करत होते. मी त्यांच्यासमोर ६३२ चं शेडकार्ड ठेवलं. त्यांनी कार्ड पाहिलं, मग मॉडेल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे जहाज किती लांबून दिसते म्हणता?"

मी हिशेब केला. साडेतीनशे पटींनी लहान, एक फुटावरून पाहायचं. म्हणजे खरं जहाज साडेतीनशे फुटांवरून.

"मंग पांढरा टाका न यात. दूरचा डोंगर आमी असा काळाकुट्ट करत नाही. मंधात हवा राह्यते."

मॉडेलवाल्यांच्या जगात याला 'स्केल इफेक्ट' म्हणतात आणि त्यावर तासन्‌तास वाद चालतात: पाच टक्के पांढरा की पंधरा टक्के? पेंटरबुवांनी तो 'मंधात हवा' एवढ्यात संपवला आणि पुन्हा पळसाला फुलं काढायला लागले. किती पांढरा टाकू, विचारलं तर म्हणाले, "दिसल तवर."

रंग पातळ करायचा, हेही तेच म्हणाले, आणि त्यात गणित आहे. ब्रशनं दिलेला इनॅमलचा हात मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरला, तर साडेतीनशे पटींत तो साडेतीन सेंटिमीटर होतो. दोन हात दिले की गोदावरीवर सात सेंटिमीटर रंग. असं जहाज दारं लावू शकणार नाही.

शेवटी खरा माणूस सापडला. आमगावकडे नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ धान करतात आणि ते गोदावरीवर होते, असं कळलं. रोवणीचे दिवस होते. ते बांधीत गुडघाभर चिखलात उभे होते, बायका पऱ्हे रोवत होत्या. मी धुऱ्यावरूनच विचारलं, "अठ्ठ्याऐंशी साली गोदावरीचा रंग नेमका कोणता होता जी?"

त्यांनी हातातली पेंढी खाली टाकली. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं हे उघड होतं.

"ग्रे."

"हो, पण कोणता?"

"डब्बा येत होता, आमी मारत होतो."

"डब्यावर नंबर असेल ना?"

"असन. वाचाले टाइम कोनाले होता? मांगं चीफ उभा राहे." मग त्यांनी चिखलात उभं राहूनच मला सगळी पद्धत सांगितली. आधी हातोडीनं गंज झाडायचा, मग घासायचं, मग लाल प्रायमर, मग ग्रे. "पुढून सुरू केलं का मांगं पोचेपर्यंत पुढचं पुन्हा गंजे. मंग पुन्हा पुढून. डब्बा सरला का दुसरा डब्बा. तो थोडा काळपट निंगाला तर काळपट. समुद्र का थांबते?"

मी विचारलं, "म्हणजे सगळं जहाज एका रंगाचं कधीच नसायचं?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "राहे न. ॲडमिरल येनार असला का राहे." मग थोडं थांबून म्हणाले, "एका बाजूनं. ज्या बाजूनं येनार त्या बाजूनं."

हे ऐकून जे हलकं वाटलं ते काय सांगू. विल्किन्सननं चित्रकला शिकून जहाजाच्या दोन बाजू वेगळ्या केल्या; आपल्या नाविकांनी ॲडमिरलची वेळापत्रकं पाहून केल्या. मी घरी आलो. ६३२ चा डबा उघडला, पेंटरबुवांच्या सांगण्यावरून दिसेल तोवर पांढरा घातला, आणि उजवी बाजू एकसारखी, गुळगुळीत, ॲडमिरलची म्हणून रंगवली. डाव्या बाजूला तीन वेगवेगळ्या वाट्यांतले तीन राखाडी, मधूनमधून रेड ऑक्साइड, नांगराच्या भोकाखाली गंजाचा ओघळ. पाहुणे आले की बायको उजवी बाजू पुढे करते. मी एकटा असलो की डावी.

मॉडेल पाहून कुणी रंगाबद्दल एक शब्द काढत नाही, हे या छंदाचं वैशिष्ट्य आहे. मामेबहिणीच्या मुलानं ते उचलून पोटाखाली पाहिलं. म्हणाला, याले चाकं काहून नाहीत? विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा करतात, आणि रंगवलेली, हातभर लांब वस्तू म्हटली की तिला चाकं आणि दोरी असणार हे इथल्या कुठल्याही मुलाला कळतं. त्यानं पुढे सुचवलं की चाकं लावून यंदा तान्ह्या पोळ्याला नेऊ, हेलिकॉप्टर उतरायची जागा मागे आहेच, तिथं झूल बसेल. गोदावरीवर खरोखर दोन सी किंग हेलिकॉप्टर असत. मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, मंग दोन झुली.

पुढचं जहाज ठरलं आहे. जुनी विक्रांत. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये आपल्या नौदलात आली, १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात लढली, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त. लांबी सुमारे ७०० फूट. सातशे पटींनी लहान केली की बरोबर एक फूट, शाळेतल्या पट्टीएवढी. तिच्यावरच्या सी हॉक विमानांच्या ३०० नंबरच्या स्क्वाड्रनचं चिन्ह पांढरा वाघ. त्या मापात विमानच सतरा मिलिमीटरांचं, त्यावर वाघ काढायला केस किती बारीक लागेल ते बघतो आहे. नागझिरा जवळ असल्यानं वाघाच्या बाबतीत मला ढिलाई परवडणार नाही.

पण विक्रांतच्या बाबतीत मला एक सोय आहे जी मुंबईच्या मॉडेलवाल्यांनाही नाही. २०१४ मध्ये ती दारूखान्यात मोडायला काढली. तिचं पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली, टाकीत विक्रांतचं लोखंड असलेली. आमच्या समोरच्या घरी ती आहे. म्हणजे माझ्या दारापासून तीस पावलांवर विक्रांत उभी असते. वर रंग कंपनीचा काळा आहे, पण खाली लोखंड तेच, आणि मोडताना, वितळवताना, ठोकताना एखाद्या कोपऱ्यात जुन्या राखाडीचा कण राहिला असू शकतो, असं मी शेजाऱ्यांना फक्त बोलून दाखवलं. टाकीच्या झाकणाशेजारी, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, चवलीएवढी जागा घासून पाहू द्या, एवढीच विनंती केली. पॉलिश पेपरही माझाच.

तेव्हापासून ते गाडी आत पडवीत लावतात आणि रात्री तिला कव्हर घालतात. कव्हर स्मोक ग्रे आहे. नंबर ६९२, मी दिवसाउजेडी, कार्ड लावून, फाटकाच्या बाहेरूनच ताडून पाहिला.